फाइल कोणी उघडली, हे रुग्णाला कळलं पाहिजे

गेल्या गणपतीत इंदूरच्या आमच्या रामबागेत आरती झाली, प्रसाद वाटला गेला, आणि एका ओळखीच्या बाईंनी वन्संच्या खांद्यावर हात ठेवून म्हटलं, "काळजी करू नका हो, आता कॅन्सरवर फार चांगली औषधं निघाली आहेत." वन्संच्या गाठीची बायोप्सी चार दिवसांपूर्वी झाली होती. रिपोर्ट दुसऱ्या दिवशी डॉक्टरांकडे मिळायचा होता. घरात आम्हा दोघींखेरीज कोणाला काही माहीत नव्हतं, त्यांच्या मुलालासुद्धा अजून सांगितलं नव्हतं. आपल्याला कॅन्सर आहे हे वन्संना मांडवात, हातात खिरापतीची वाटी असताना कळलं.

आम्ही रुग्णालयात लेखी अर्ज दिला: ही फाइल कोणी कोणी उघडली ते सांगा. आठवड्याभराच्या खेपांनंतर तिथल्या एका माणसाने स्क्रीन आमच्याकडे वळवली. रिपोर्ट सिस्टिममध्ये चढल्यानंतर सकाळी 11 वाजून 40 मिनिटांनी फाइल उघडली होती 'रिसेप्शन2' ने. रिसेप्शन2 म्हणजे कोण? दोन पाळ्यांतल्या पाच मुली, सुट्टीच्या दिवशी बसणारा कॅशियर, आणि रात्री काउंटर सांभाळणारा वॉर्डबॉय. पासवर्ड कीबोर्डच्या पाठीला चिकटवलेला. "मॅडम, ये तो सबका आयडी है," तो अगदी सहजपणे म्हणाला. त्याच्या दृष्टीने प्रश्न तिथे संपला होता.

ज्या कोणी ते वाचलं त्या माणसावर माझा राग नाही. घरी आईला काळजीपोटी सांगितलं असेल, आईने मैत्रिणीला. इंदूरचा मराठी समाज केवढा? रामबाग, नारायण बाग, लोकमान्य नगर, सुदामा नगर इथल्या घरांतली नाती एकमेकांत इतकी गुंतलेली आहेत की कोणत्याही मोठ्या रुग्णालयाच्या काउंटरमागे आपल्या ओळखीचं कोणी ना कोणी सापडतंच. रुग्णांच्या माहितीच्या सुरक्षेची चर्चा निघाली की लोक परदेशात बसलेल्या हॅकरबद्दल बोलतात. तो धोका खोटा नाही. नोव्हेंबर 2022 मध्ये दिल्लीच्या एम्सवर सायबर हल्ला झाला तेव्हा तिथलं कामकाज कित्येक दिवस कागदावर चालवावं लागलं होतं. पण आमच्यासारख्या शहरात बाईमाणसाच्या आजाराची बातमी हॅकर कशाला फोडेल? ती फुटते ओळखीच्या माणसाकडून, चांगल्या मनाने, आणि रीतसर दिलेल्या लॉगिनमधून.

मला हे इतकं लागलं त्याचं कारण, मी तेवीस वर्षं दुसऱ्या एका रुग्णालयात मेडिकल रेकॉर्ड विभागात, म्हणजे एमआरडीत, नोकरी केली. तळमजल्यावरची खोली, छतापर्यंत लोखंडी रॅक, आणि आयपी नंबरांप्रमाणे, म्हणजे दाखल रुग्णांच्या नंबरांप्रमाणे, लावलेल्या हजारो फाइली. रॅकमधून फाइल काढली की तिच्या जागी पुठ्ठ्याचं एक पिवळं कार्ड खोचायचं. त्याला ट्रेसर म्हणत. त्यावर फाइलचा नंबर, तारीख, कोणी मागवली, कशासाठी, आणि नेणाऱ्याची सही. सही नसेल तर फाइल द्यायची नाही, मग समोर वरिष्ठ डॉक्टर असले तरी. एकदा एका बड्या सर्जनसाहेबांनी आमच्या शिपायाला याच कारणावरून झापलं होतं आणि नंतर मुकाट सही केली होती. रॅकसमोर उभं राहिलं की नुसत्या नजरेने कळायचं की आज एवढ्या फाइली बाहेर आहेत. संध्याकाळी कुलूप लावण्याआधी मी पिवळी कार्डं मोजत असे. एखाद्या फाइलच्या जागी आठ-दहा दिवस कार्डच दिसलं की मी स्वतः वॉर्डात जाऊन विचारायची.

संगणकात फाइल जागेवरून हलत नाही. चाळीस जणांनी वाचली तरी रॅकमध्ये भोक पडत नाही, कार्ड दिसत नाही, कोणाची सही लागत नाही. कागदाची पद्धत फार चांगली होती असं माझं म्हणणं नाही. फाइली हरवत, उंदीर कुरतडत, रात्री बेशुद्ध रुग्ण आला की जुनी फाइल मिळेपर्यंत डॉक्टर अंधारात चाचपडत. संगणक आला ते चांगलंच झालं. पण तो आणताना ते पिवळं कार्ड आपण मागे विसरलो, आणि मला वाटतं, आमच्या तक्रारीचं मूळ तेवढ्यातच आहे.

सॉफ्टवेअर बसतं कसं, तेही मी जवळून पाहिलंय. कंपनीचा एक तरुण मुलगा लॅपटॉप घेऊन येतो. विचारतो, "किसको क्या राइट्स देने हैं?" खरं पाहिलं तर हा वैद्यकीय नीतीचा प्रश्न आहे. गर्भपाताची नोंद कोण वाचणार, मानसोपचाराच्या गोळ्यांची यादी कोणाला दिसणार, एचआयव्हीचा रिपोर्ट कोणाच्या पडद्यावर उघडणार, हे सगळं त्या एका प्रश्नात आलं. पण खोलीत ना डॉक्टर असतात, ना मेट्रन. असतात ते प्रशासक, आणि त्यांना सोमवारपासून बिलिंग सुरू करायचं असतं. "अभी सबको दे दो, बाद में देखेंगे." ते 'बाद में' मी माझ्या नोकरीत तरी कधी उजाडलेलं पाहिलं नाही.

संगणकशास्त्राने यावर उपाय केव्हाच दिला आहे. अमेरिकेतल्या एनआयएसटी या मानकं ठरवणाऱ्या सरकारी संस्थेच्या फेरायोलो आणि कून या दोघांनी 1992 मध्ये तो नीट मांडला: हक्क माणसाला देऊ नका, कामाला द्या. आधी कामं ठरवा, म्हणजे रिसेप्शन, कॅश, फार्मसी, लॅब, वॉर्ड नर्स, निवासी डॉक्टर, एमआरडी. प्रत्येक कामाला काय पाहावं लागतं आणि काय लिहावं लागतं ते ठरवा. मग माणूस त्या कामावर आला की हक्क मिळतो, काम बदललं की जुना सुटतो. तत्त्व साधं आहे आणि आज विकल्या जाणाऱ्या बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये त्याची सोय असते. आपल्याकडे राइट्स वाढतात, सुटत मात्र नाहीत. लॅबमधून बिलिंगला गेलेल्या मुलाकडे लॅबही राहते आणि बिलिंगही येतं. नोकरी सोडून गेलेल्याचं लॉगिन तसंच जिवंत राहतं, कारण ते बंद करणं हे कोणाच्याच कामाच्या यादीत नसतं. हे फक्त आपल्याकडेच होतं असंही नाही. पोर्तुगालमध्ये 2018 साली एका सरकारी रुग्णालयाला चार लाख युरो दंड झाला. तिथे डॉक्टर होते 296 आणि सिस्टिममध्ये डॉक्टरांची चालू खाती होती 985.

नुसत्या कामावरून हक्क देऊनही भागत नाही, हे मात्र सॉफ्टवेअरवाले क्वचित सांगतात. 'नर्स' म्हटलं की चारही मजल्यांवरच्या सगळ्या रुग्णांच्या फाइली उघड्या का असाव्यात? तिसऱ्या मजल्यावरच्या नर्सला तिच्या वॉर्डात आज दाखल असलेले रुग्ण दिसायला हवेत. डिस्चार्ज झाल्यावर काही दिवसांनी ती यादी आपोआप मिटायला हवी. नेदरलँड्समधल्या हेगच्या एका रुग्णालयात टीव्हीवरून प्रसिद्ध झालेल्या एका बाईची फाइल तिच्या उपचाराशी संबंध नसलेल्या डझनावारी कर्मचाऱ्यांनी उघडून पाहिली होती. 2019 मध्ये त्या रुग्णालयाला 4 लाख 60 हजार युरो दंड झाला. उघडणारे सगळे तिथलेच कर्मचारी होते, प्रत्येकाजवळ रीतसर लॉगिन होतं. त्या बाईशी त्यांचं काम काय, हे विचारणारं सिस्टिममध्ये काही नव्हतं.

आणि गुपित दर वेळी फाइलमधूनच फुटतं असंही नाही. माझ्या अनुभवात ते सगळ्यात जास्त बिलातून फुटतं. डॉक्टरांच्या नोंदी कुलपात ठेवल्या आणि बिलात 'एचआयव्ही एलायझा' अशी ओळ छापली, तर त्या कुलपाचा उपयोग काय? कॅशियरला रक्कम लागते, विमा लागतो, फार तर 'लॅब तपासणी' एवढं लागतं. तपासणीचं नाव रुग्णाच्या हातातल्या तपशीलवार बिलावर आणि विम्याच्या कागदावर जावं, काउंटरच्या पडद्यावर त्याचं काम नाही. फार्मसीवाल्याला औषध, मात्रा, ॲलर्जी आणि चालू असलेली इतर औषधं पाहिजेतच, नाहीतर चूक होईल. निदान आणि मानसोपचारतज्ज्ञांची टिपणं त्याला नकोत. तपासणीसाठी बसलेल्या लोकांसमोर भिंतीवरच्या टीव्हीवर पूर्ण नाव आणि शेजारी 'ऑन्कोलॉजी', म्हणजे कॅन्सर विभाग, असं झळकतं, तेही थांबायला हवं. टोकन नंबर पुरतो. तेव्हा राइट्स ठरवायचे ते फाइलीपाशी न थांबता एकेका रकान्यापर्यंत जाऊन. किचकट काम आहे, मान्य. पण ते एकदाच नीट बसून करायचं आहे.

फिनलंडमधली एक हकीकत मला वन्संच्या गोष्टीच्या सगळ्यात जवळची वाटते. एक नर्स ज्या रुग्णालयाच्या डोळ्यांच्या विभागात काम करत होती तिथेच एचआयव्हीचे उपचार घेत होती. सहकाऱ्यांना ते कळलं असावं अशी तिला शंका आली. तिने विचारलं, माझी फाइल कोणी पाहिली? रुग्णालयाला सांगता येईना. त्यांच्या सिस्टिममध्ये शेवटच्या पाच वेळांचीच नोंद राहायची आणि तीही विभागाच्या नावाने, माणसाच्या नावाने नाही. म्हणजे त्यांचंही ते रिसेप्शन2 च. तिथल्या न्यायालयांनी पुरावा नाही म्हणून तिचा दावा फेटाळला. शेवटी 2008 मध्ये युरोपच्या मानवी हक्क न्यायालयाने तिच्या बाजूने निकाल दिला. नोंद नीट ठेवायची जबाबदारी रुग्णालयाची, आणि ती ठेवली नाही म्हणून पुरावा आणायचा भार तिच्यावर, हे त्या न्यायालयाला मान्य झालं नाही. गुपित फुटल्यावर भरपाई मागता येते एवढ्यावर भागत नाही, मुळात बिनकामाच्या माणसाला ते उघडताच येऊ नये, असं त्या निकालाचं म्हणणं आहे. मी हे वाचलं तेव्हा आमच्या अर्जाचा कागद माझ्यासमोर टेबलावरच पडलेला होता.

आपल्या देशात कायद्याचा तुटवडा नाही. 2017 च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खाजगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. त्याच वर्षी झालेल्या मानसिक आरोग्य आणि एचआयव्ही-एड्स या दोन्ही कायद्यांत गोपनीयतेची कलमं आहेत. गर्भपाताच्या कायद्यात 2021 च्या दुरुस्तीने स्त्रीची ओळख उघड करणं हा गुन्हा ठरला. 2023 मध्ये डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा आला, त्याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये निघाले. कोणाला काय दिसावं यावर ताबा हवा, पाहणाऱ्यांची नोंद हवी आणि ती वर्षभर जपायला हवी, हे त्या नियमांत आहे. सुरक्षेत हयगय केली तर दंड 250 कोटी रुपयांपर्यंत जाऊ शकतो. मुख्य जबाबदाऱ्या लागू व्हायला 18 महिन्यांची मुदत ठेवली आहे. रुग्णालयांनी ती मुदत संपायची वाट पाहत बसू नये.

तरीही माझ्या मते या सगळ्यात एक कळीची गोष्ट राहून गेली आहे. 2002 पासून डॉक्टरांना बंधन आहे की रुग्णाने मागितल्यावर 72 तासांत कागदपत्रं द्यायची. आरोग्याच्या नोंदी जोडणारं सरकारी आभा कार्ड आलं, त्याच्या 14 आकडी नंबरावरून एका रुग्णालयातली माहिती दुसऱ्याकडे जायची असेल तर रुग्णाची संमती घेतली जाते. आपली माहिती कोणत्या दुसऱ्या संस्थांना दिली हे विचारायची तरतूदही नव्या कायद्यात आहे. म्हणजे माहिती दाराबाहेर पडली तर मला विचारण्याचा हक्क आहे, आणि दाराच्या आत कोणाकोणाच्या नजरेखालून गेली हे विचारायचा हक्क कुठे स्वच्छ लिहिलेला नाही. रुग्णालयाच्या नोंदीत ते असलं तरी ती नोंद त्यांची. एस्टोनियासारख्या छोट्या देशात रुग्ण स्वतः पोर्टलवर जाऊन पाहू शकतो की आपल्या नोंदी कोणी उघडल्या. आपल्याकडे हाच हक्क नियमात यावा. फाइल उघडणाऱ्याचं नाव, त्याचं काम, तारीख, वेळ. ते पिवळं कार्ड, एवढंच की ते रुग्णालाही दिसेल.

डॉक्टर मंडळी यावर लगेच म्हणतात, कुलपं घालत बसलात तर माणूस दगावेल. ही शंका हलकी नाही. रात्री दोन वाजता बायपासवरून अपघाताचा बेशुद्ध माणूस आणला, त्याला रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू आहेत का हे ड्युटीवरच्या डॉक्टरला त्याच क्षणी कळलं पाहिजे. त्यासाठी सिस्टिममध्ये तातडीचा दरवाजा ठेवतात. आग लागली तर काच फोडून घंटा वाजवायची सोय असते, तसा. डॉक्टर एका ओळीत कारण लिहितो, फाइल लगेच उघडते, आणि सकाळी वरिष्ठांसमोर त्या उघडण्याची नोंद येते. डॉक्टरला कोणी अडवत नाही, उघडलं तेवढं मात्र लिहिलं जातं. आमचे सर्जनसाहेब सही करायचे, त्यात कधी कोणाचं ऑपरेशन खोळंबलं नाही.

दुसरा आक्षेप लॉगिनचा, आणि तिथे मी पूर्णपणे नर्सेसच्या बाजूने आहे. वीस-पंचवीस रुग्णांच्या वॉर्डात एकच संगणक, तो दर पाच मिनिटांनी झोपतो, आणि पुन्हा आत शिरायला मिनिट-दीड मिनिट. इंजेक्शनची वेळ गाठायची की पासवर्ड टाकायचा? मग सकाळी एकीने उघडलेलं लॉगिन तिन्ही पाळ्या चालतं. यात त्या मुलींना नोटिसा देऊन काय होणार? संगणक वाढवा, ओळखपत्र टेकवलं की उघडेल अशी सोय करा, आणि नवी नर्स रुजू होते त्याच दिवशी तिला तिचं लॉगिन द्या. नवीन नर्सला आठ-आठ दिवस स्वतःचं खातं मिळत नाही हे मी स्वतः पाहिलंय. मग ती दुसरीचं वापरेल नाहीतर काय करेल?

आणि "आपल्याकडे हे चालायचं नाही" असं इंदूरच्या माणसाने तरी म्हणू नये. ओला कचरा वेगळा, सुका वेगळा, हे या शहरात चालणार नाही असंच आपण दहा वर्षांपूर्वी म्हणत होतो. 2017 पासून स्वच्छतेत आपलं शहर देशात पहिलं येत गेलं, ते सकाळी दारात गाडी आली आणि सवय लागली म्हणून.

वन्संचं पुढे काय झालं ते सांगायलाच हवं, कारण नुकसान नुसतं मनाचं झालं नाही. त्या दिवसानंतर त्यांनी त्या रुग्णालयाची पायरी चढायला नकार दिला. इंदुरातच नको म्हणाल्या. मुंबईला जायचं ठरलं, मग राहायची सोय, मग पैशांची जुळवाजुळव, यात साडेतीन आठवडे गेले. आता केमो संपली आहे, तब्येत बरी आहे. पण तिथल्या डॉक्टरांनी घरातल्या आजारांचा इतिहास विचारला तेव्हा त्यांनी आपल्या आईचा मानसिक आजार लपवला. बाहेर आल्यावर मी विचारलं तर म्हणाल्या, "तो संगणकात लिहीत होता ना." ज्याला खरं सांगायचं त्याच्यापासूनच माणूस लपवायला लागला तर उपचार कशावर करायचे?

निवृत्तीनंतर मी एका ओळखीच्या डॉक्टरीणबाईंच्या नर्सिंग होममध्ये राइट्सचा तक्ता करून दिला. माणसं एकंदर चौदा. डॉक्टरीणबाई, मी, सिस्टर आणि सॉफ्टवेअरचा मुलगा असे चौघं चार संध्याकाळ बसलो. पहिल्या संध्याकाळी नुसतं भांडण झालं, कारण प्रत्येकाला वाटत होतं की आपल्याला सगळं लागतं. दुसऱ्या दिवशी प्रत्येकाने आदल्या आठवड्यात खरंच काय काय उघडलं होतं ते कागदावर लिहून आणलं. तेव्हा कळलं की लागतं फार थोडं. सोळा लॉगिनं बंद केली, त्यातल्या दोन मुली लग्न होऊन केव्हाच परगावी गेल्या होत्या. प्रत्येकाला आपलं स्वतःचं खातं दिलं. दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी डॉक्टरीणबाई पाहणाऱ्यांची यादी चाळतात, आणि एखाद्या पेशंटने मागितली तर तिच्या फाइलची यादी छापून देतात.

मला वाटलं होतं, काउंटरवरची मुलगी नाराज होईल, कारण तिच्या पडद्यावरून सगळ्यात जास्त काढून घेतलं होतं. दोन महिन्यांनी मी गेले तेव्हा ती चहा घेऊन आली आणि शेजारी बसली. तिची आत्या, चुलत सासू, गल्लीतल्या काकू, सगळ्या फोन करायच्या. अगं अमकी तुमच्याकडे आली होती ना, काय झालंय गं तिला, बघ ना जरा. नाही म्हटलं तर शिष्ट ठरायची, सांगितलं तर रात्री झोप यायची नाही. मलाही तेवीस वर्षं असे फोन येत, त्यामुळे ती काय म्हणते आहे ते मला सांगावं लागलं नाही.

"आता सरळ सांगते काकू," ती म्हणाली, "मला दिसतच नाही. आणि ते खरं असतं."